बरोब्बर बसलेले पडदे

वारजे, पुणे
२० मे

प्रिय वल्लरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते, माझी तब्येत ठीक आहे. गुडघे जसे होते तसेच आहेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्याशी फोनवर दोन वाक्यं झाली की तिसऱ्याला 'आई, एक कॉल येतोय' असतंच. तुमच्या बंगळूरला म्हणे सगळंच घाईचं. म्हटलं, कागदावर लिहावं, म्हणजे मला मधेच कोणी थांबवणार नाही.

यंदाचा उन्हाळा छान गेला, हे खोटं नाही. केयूरच्या गच्चीवर मी जे काही केलंय ते बघायला सोसायटीतल्या बायका येतात. भाजीवाल्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मेथी आणि कोथिंबीर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो, कठड्याला तोंडलीचा वेल. मोगऱ्याच्या कुंड्या तर अशा बहरल्यात की तुझी वहिनी उत्कर्षा रोज ओंजळभर फुलं ऑफिसला घेऊन जाते. स्वयंपाकघरातला सगळा ओला कचरा मी एका मातीच्या माठात जिरवते. त्याला वास येईल म्हणून आधी नाकं मुरडून झाली, आता तेच खत शेजारचे मागून नेतात. सकाळी ऊन चढायच्या आत पाणी घालायचं, मग साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या, दुपारी पन्हं करायचं आणि वाळ्याचा पडदा भिजवून गोधडीला टाके घालत बसायचं. तुझ्या बाबांची धोतरं आत घालून माझ्या इरकली लुगड्यांची एक गोधडी पुरी झाली. तुला द्यायची म्हणून बाजूला ठेवली होती.

मी इथे कशी आले ते तुला ठाऊक आहेच, पण माझ्या तोंडून एकदा ऐक. फेब्रुवारीत केयूर कसब्यातल्या आपल्या घरी आला आणि म्हणाला, आई, भिंतींना ओल आलीय, वायरिंग जुनं झालंय, सगळं एकदाच दुरुस्त करून घेऊ, तोवर तू वारज्याला चल. मी म्हटलं, पावसाळ्याआधी होईल ना? तो म्हणाला, त्याच्या आतच. बाबांनी जागा त्याच्या नावावर केली तेव्हा मीच तर म्हटलं होतं, माझ्या मुलाच्या नावावर काय आणि माझ्या नावावर काय. तेव्हा दुरुस्तीला माझी ना कशाला असेल? दोन पिशव्या भरून निघाले. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तेवढा बरोबर घेतला, कारण त्याला सिमेंटच्या धुळीत ठेवणं बरं दिसलं नसतं.

आता मागे वळून बघते तेव्हा सगळं स्वच्छ दिसतं. मी जेव्हा जेव्हा म्हणाले, काम कुठवर आलंय एकदा बघून येते, तेव्हा तेव्हा घरात काहीतरी नवं आलं. एकदा मातीची पोती आली. एकदा नर्सरीतून लिंबाचं कलम आलं. एकदा माझं शिवणाचं मशीन आलं. मी म्हटलं, अरे, महिन्याभरासाठी हे कशाला उचलून आणलंस, परत न्यायचंच आहे. तर म्हणाला, तुला करमायला हवं ना. मी खुळी, हरखून गेले. सोसायटीत सांगत सुटले, सगळ्यांना असा मुलगा मिळो. लहान मूल बाहेर जायचा हट्ट करायला लागलं की त्याच्या हातात खुळखुळा देतात, तसं चाललं होतं आणि मी मजेत वाजवत बसले होते.

एप्रिलमध्ये मनात आलं की दुरुस्त झालेल्या घराला पडदेही नवे हवेत. मांजरपाटाचे, खाली इरकलीच्या काठांची पट्टी लावलेले. केयूरला म्हटलं, मला कसब्यात घेऊन चल, खिडक्यांची मापं घ्यायचीत. तो म्हणाला, जिना उखडलाय, तू चढू नकोस, शिवाय खिडक्या बदलून सरकत्या बसवल्यात, मीच मापं आणून देतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तिन्ही खिडक्यांची मापं आली. एक फारच अरुंद होतं, म्हटलं, नव्या सरकत्या खिडकीचं असेल. इतकी वर्षं शाळेत शिवण शिकवलं, आणि दरवर्षी मुलींना पहिल्या तासाला एकच गोष्ट बजावली, की स्वतः माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. सांगोवांगीच्या मापावर पोलकंसुद्धा बेतू नये. तरी मी कापड बेतलं. माप पोटच्या मुलाने दिलं होतं, त्याला टेप लावून काय बघायचं?

पडदे शिवायला मला बरेच दिवस लागले, कारण काठावर हाताने कशिदा काढला. गेल्या आठवड्यात उत्कर्षाने इथले पडदे धुवायला काढले होते आणि दांड्या रिकाम्या होत्या. म्हटलं, इस्त्री केलीच आहे, तर आपले एकदा लावून बघू, चुण्या कशा पडतात ते कळेल. हॉलमधला लावला. बरोब्बर बसला. रुंदीला चुण्या हव्या तेवढ्याच, उंचीला जमिनीपासून एक बोट वर. मला मौज वाटली. मग झोपायच्या खोलीत लावला, तोही बसला. तिसरा स्वयंपाकघराशेजारच्या अरुंद खिडकीला. कसब्यात तशी अरुंद खिडकी मुळात नाहीच, आणि तो तिथे असा बसला की शिंप्यानं जागेवर येऊन शिवावा. मी स्टुलावर उभी होते, ती खाली उतरून तिथेच बसले. उत्कर्षा आतून आली आणि म्हणाली, किती गोड दिसतायत आई, इथेच राहू द्या ना. आणि एवढं बोलून तिचा चेहरा उतरला. खोटं बोलायचं तर त्यालाही थोडे कष्ट लागतात. टेप घेऊन कसब्यात कोण जाणार, म्हणून चिरंजीवांनी घरातल्याच खिडक्या मोजल्या. शाळेतसुद्धा असाच शेजाऱ्याच्या वहीतलं उत्तर उतरवायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला गेल्यावर मनपाच्या थांब्यापर्यंत बस पकडली आणि तिथून चालत कसब्यात गेले. आळीत तांबटांची भांडी ठोकायची ठकठक तशीच चालू होती. जिना जसाच्या तसा होता. एकही फरशी उखडलेली नव्हती. खिडक्या आपल्या त्याच लाकडी, तोच मोरपंखी रंग. दारावर मात्र दुसऱ्याच आडनावाची पाटी आणि प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण. मी बेल नाही वाजवली. आपल्या दाराची बेल वाजवून कोणाला काय विचारायचं? समोरच्या कांताबाईंनी मला बघितलं आणि आत ओढून नेलं. अहो केयूरच्या आई, म्हणाल्या, किती दिवसांनी! तिकडे मस्त बाग फुलवलीत म्हणे, केयूर सांगत होता, आईचं मन आता इकडे लागत नाही, तिलाच जागा नको झालीय. मी त्यांनी दिलेलं सरबत प्यायले आणि म्हटलं, हो ना, गुडघ्यांना जिने झेपत नाहीत आता. माझ्या पोरांनी मला फसवलं, हे शेजारणीला सांगायची माझी छाती झाली नाही.

परत येताना बसमध्ये रडले. म्हाताऱ्या बाईला रडताना बघून एका मुलीने जागा दिली, ती मी घेतली. केसानं गळा कापणं हे मी आजवर नुसतं ऐकलं होतं. भांडून घर विकलं असतं तर मीही भांडले असते, हरले असते, आणि हरले म्हणून तरी मला कळलं असतं. तू म्हणशील, दोन जिने, लिफ्ट नाही, एकटी राहतेस, उद्या पडलीस तर? सगळं खरं आहे. हेच माझ्यासमोर बसून कोणी म्हटलं असतं, तर चार दिवस मी जेवले नसते आणि पाचव्या दिवशी कदाचित हो म्हटलं असतं. शेवटचा केर काढला असता, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं असतं, कांताबाईंना मिठी मारून निघाले असते. घरातून निघताना आपण निघतोय हे माणसाला माहीत असावं, एवढंच. मी दोन पिशव्या घेऊन, परत येऊन दूध लावायचं म्हणत बाहेर पडले. केयूरला मी अजून काही बोललेले नाही. काल रात्री जेवताना तो म्हणाला, आता गणपतीपर्यंत काम नक्की होईल. मी त्याला आमटी वाढली. झाडांना पाणीही घालते, झाडांनी माझं काय केलंय? पडदे मात्र काढून ठेवलेत.

कांताबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरं तर हे पत्र तिच्यासाठीच आहे. एप्रिलमध्ये सामान टेम्पोत भरायला तू आली होतीस. माझी भांडी तू गुंडाळलीस, बाबांचा फोटो तू उतरवलास. दुपारी कांताबाईंकडे जेवलीस, त्यांच्या पापड्या अगदी आईसारख्या झाल्यात म्हणालीस. त्यांनी मला विचारलं, मग वल्लरी वारज्याला राहिली असेल ना चार दिवस? मी म्हटलं, राहिली की, तिला मोगरा फार आवडला. इतकं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. मग आठवलं, त्याच सुमाराला भर दुपारी तुझा फोन आला होता, जेवलीस का आई विचारायला. मागून ठक ठक असा आवाज येत होता. मी म्हटलं, अगं, आपल्या तांबट आळीतच बसल्यासारखं वाटतंय. तू म्हणालीस, ऑफिसच्या शेजारी बांधकाम चाललंय. मी म्हटलं, बोलू नकोस काही, नुसता फोन धर थोडा वेळ, कानाला बरं वाटतंय. आणि तू धरलास. घराचं काय ते मी केयूरशी बघून घेईन, तो माझ्यासमोर आहे. पण तू माझ्याच रिकाम्या घरात उभी राहून मला माझ्याच आळीचे ठोके ऐकवलेस, वल्लरी. आणि फोन ठेवताना मी म्हटलं, ये गं एकदा पुण्याला, तर म्हणालीस, रजा मिळाली की लगेच येते.

तुझीच,
आई