तक्रार करणाऱ्याचं नाव

१९ जानेवारी २०२५, रविवार

पान गेलं. सकाळी चहा घेता घेता फोन उघडला तर ‘वखारीतल्या बाया’ हे माझं पान जागेवर नाही. तीन वर्षं, चारशेच्या वर फोटो, चौदा हजार माणसं — आणि त्या जागी एक ओळ. ‘नियमांत बसत नसल्याने काढले आहे.’ कुठला नियम ते लिहिलेलं नाही. बऱ्याच जणांनी तक्रार केली, एवढंच.

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेल्या बायकांबद्दल लिहीत होते मी. सगळ्यांत जास्त लिहिलं ते आईबद्दल. पंचवीस वर्षं तिनं तंबाखू चाळला, त्यावर माझा भाऊ अण्णा इंजिनिअर झाला आणि मी लॅबमध्ये लागले. यात नियमाबाहेरचं काय आहे?

आईला सांगितलं. जाऊ दे म्हणाली आणि भाकरी उलटली.

२० जानेवारी

हे काम साईराजचंच. बोरगावचा तो. त्याचे आजोबा वखारीत दिवाणजी होते. मी लिहिलेल्या मजुरीच्या आकड्याला पुरावा मागत होता डिसेंबरभर. मी त्याला मालकाचा माणूस म्हटलं होतं, ते झोंबलं असणार. आज सहा ग्रुपवर त्याचं नाव घालून लिहिलं. बरं वाटलं. अर्धा तास.

२४ जानेवारी

पान परत द्या म्हणून अर्ज केला. उत्तर मशीनचं. परत केला. परत मशीनचंच, शब्दही तेच. लॅबमध्ये रक्ताचे नमुने फिरत असतात तेवढ्या वेळात दहादा फोन बघितला. हात आपोआप जातो. उघडायला काही उरलेलंच नाही, तरी.

२६ जानेवारी, रविवार

नागेंद्रचा फोन. कडोलीच्या साहित्य संमेलनात ओळख झालेला, खानापूरकडचा. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कॉम्प्युटरचं काम बघतो. म्हणाला, दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहायचं, आपलंच मांडू. असं एक जाळं आहे म्हणे, ते कुठल्या एका कंपनीचं नाही. कुणीही आपला सर्व्हर मांडायचा. असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात, ई-मेलसारखे. जाहिरात नाही. काय दिसावं ते वरून कुणी ठरवत नाही.

नाव त्यानं ठरवूनही टाकलं होतं — ‘पाणवठा’. मी म्हटलं, आमच्या आजीला पाणवठ्यावर घागर लावू देत नव्हते. मग तो म्हणाला, माझ्या डोक्यात आलंच नाही गं. मग ‘चावडी’ म्हणाला, आणि स्वतःच नको म्हणाला. शेवटी ‘स्टँड’ ठरलं. निपाणी स्टँडवर दोन्ही राज्यांच्या गाड्या लागतात आणि बाकड्यावर कुणी कुणाला उठवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

‘स्टँड’वर गेले. आम्ही चौघं. नाव लिहायला दोन-दोन ‘ॲट’, एक माझ्या नावाला, एक स्टँडच्या. पहिला फोटो टाकला, वखारीच्या दाराचा. दिवसभरात एकानं पसंत केला. नागेंद्रनं.

३ फेब्रुवारी

कुणी नाही.

५ फेब्रुवारी

इथं सगळं आलं तसं दिसतं. नवं वर, जुनं खाली, आणि संपतं. संपलं की खाली काही येत नाही. पुढं काय करायचं ते कळत नाही. उठले, कपडे घडी केले, परत बसले, परत बघितलं. चौदा हजारांत मी कोण होते आणि चौघांत कोण आहे? आई म्हणाली, काय हरवलंय का तुझं?

९ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या सर्व्हरवरून एक गृहस्थ आले, नाशिकचे. दृष्टी गेलेली आहे, फोन वाचून दाखवतो त्यांना. नम्रपणे लिहिलं होतं की ताई, फोटोखाली वर्णन लिहीत चला, नाहीतर मला नुसतं ‘चित्र’ असं ऐकू येतं. इथं हा रिवाज आहे म्हणे.

मग बसले. सहा फोटोंची वर्णनं लिहायला दुपार गेली. आईच्या एका फोटोचं लिहिलं — साठीची बाई, हिरवं लुगडं, दारात बसलेली, दोन्ही हात पदराखाली, तोंड दुसरीकडे. किती वेळा टाकलाय हा फोटो. लिहिताना जरा अडखळायला झालं. का ते कळलं नाही. चहा केला.

त्यांचं उत्तर आलं, दिसली बाई. चौदा हजारांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकेचाळीस झालो! बहुतेक सगळे तिकडून कंटाळून आलेले. सगळ्यांचं पहिल्या दिवशी तेच — इथं कुणी ऐकतंय का? मी प्रत्येकाला उत्तर देते. सौम्या म्हणून एक बेळगावची मुलगी कन्नडमध्येच लिहिते. दोघांनी कुरकुर केली. मी तिला कन्नडमध्येच उत्तर दिलं, कुरकुर थांबली.

आणि आज अर्ज कुणाचा यावा? साईराजचा. नागेंद्रनं मला विचारलं. मी म्हटलं, तो आला तर मी जाते. नागेंद्रनं अर्ज फेटाळला. नाराज होता. पुरावा आहे का तुझ्याकडे, म्हणाला. साईराजचाच शब्द!

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णा बेळगावहून आला होता, मैत्री वहिनी आणि पोरांना घेऊन. जेवल्यावर त्याचा फोन हिसकावला आणि स्टँडवर त्याचं खातं काढून दिलं. ‘दीपंकर’, एवढंच त्याचं खरं नाव, आडनाव नाही. नको नको म्हणत होता. मला किती बरं वाटलं — माझं काम अखेर घरातलं माणूस बघणार.

नागेंद्रनं मला देखरेखीचं काम दिलंय. तक्रारी मी बघायच्या. अजून एकही नाही.

४ मार्च, मंगळवार

काल आईवर मोठं लिहिलं. वखारीतली धूळ, तो खोकला, पगाराच्या दिवशी मुकादम रांगेत उभं करून पदर झाडायला लावायचा ते. एकशे तीस जणांनी पुढं पाठवलं, कुठल्या कुठल्या सर्व्हरवर गेलं, आमच्या गल्लीतल्या ग्रुपवरही. दिवसभर पाय जमिनीला लागत नव्हते.

संध्याकाळी पहिली तक्रार आली. माझ्याच लिखाणावर.

त्या मोठ्या जागेत तक्रार कोणी केली ते कधीच कळत नाही. इथं देखरेख करणाऱ्याला नाव दिसतं. तक्रार करणाऱ्याला हे ठाऊक नसावं.

दीपंकर.

मला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल. पण खाली लिहिलेलंही होतं — ‘खासगी बाब. काढून टाकावे.’

५ मार्च

लॅबच्या मागं जाऊन अण्णाला फोन लावला. मी ओरडणार होते. ओरडले नाही. तक्रार तू केलीस का, विचारलं.

म्हणाला, ‘व्हय. तिथंबी मीच केलती. मैत्रीच्या फोनवरनं, तिच्या भावांच्या फोनवरनं. मित्रांनाबी सांगितलतं.’

‘का?’

‘कारण इचारू नकोस, उपा. मी सांगणार न्हाय.’

आणि फोन ठेवला. दोन नमुन्यांची लेबलं उलटी लावली मी आज. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

६ मार्च

कारण न सांगता कळतं. साहेबाला लाज वाटते. ऑफिसात कुणाला कळू नये की आई तंबाखू चाळत होती. कॉलनीत कळू नये. ज्या धुळीवर शिकला ती आता अंगाला लागू द्यायची नाही. दहा-बारा दिवसांपूर्वी इथंच, आईच्या ताटात जेवला!

लिहायला घेतलंय. त्याच्या नावानिशी लिहिणार. स्टँडवर टाकणार. दीड महिना मी परक्या माणसांवर संशय घेत फिरले. बसवत नाही. स्वयंपाकघर, दार, परत स्वयंपाकघर. आई बघत असते.

८ मार्च, शनिवार

बोरगावला गेले. साईराजला समोर बसूनच सांगायला हवं होतं. चौकातल्या चहाच्या गाड्यावर भेटला. तिशीतला, बारकासा, शाळेत शिक्षक. मी सांगितलं की चूक माझी, तक्रार तुम्ही केलेली नव्हती. घरातल्याच माणसानं केली, हेही सांगितलं.

तो म्हणाला की त्या सहा ग्रुपांपैकी एकात त्याच्या शाळेचे पालक होते. दोघांनी मुलांना त्याच्या शिकवणीतून काढलं. रागानं नाही, सांगितलं नुसतं. मग पिशवीतून आजोबांच्या हस्ताक्षरातली हजेरीवही काढून दाखवली. पुरावा तो मागत नव्हता, द्यायला बघत होता. मजुरी मी लिहिली त्याहून कमी होती.

त्यात आईचं नाव होतं. तानीबाई. पुढं अंगठा.

सहाही ग्रुपवर माफी लिहिली. तिथंच, त्याच्या समोर. नागेंद्रला कळवलं, साईराज संध्याकाळी स्टँडवर आला. त्यानं पहिलंच लिहिलं — इथं कुणी ऐकतंय का? मी ‘हो’ लिहिलं.

अण्णावरचा मजकूर पुरा झालाय. उद्या टाकते. पण आईच्या पोराबद्दल आहे, आधी तिच्या कानावर घालावं. आजवर तिला काही वाचून दाखवलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

वाचून दाखवलं. निम्म्यात तिनं हात वर केला.

म्हणाली, ‘त्याला बोल लावू नकोस. मीच सांगितलतं त्याला, बंद कर म्हणून. विहारात बायका फोन पुढं करायच्या, बघ तानीबाई तू आलीयास. आता मुकादमाचं ते बी वाचलं त्यांनी. ते मी तुला एकटीला सांगितलतं गं.’

मला का नाही सांगितलंस, विचारलं.

‘तू लई खुशीत हुतीस.’