अनाकाबेचं तळं

१२ ऑक्टोबर १९९७

आज नगराध्यक्ष अनाकाबेचं नाक फोडलं. भर रविवारी, अख्ख्या गावासमोर.

तळ्याकाठी गावकाम होतं — घरटी एक माणूस, फावडं घेऊन. बाबा गेले नाहीत. जातील कसे? तळं आमच्याच बटाट्याच्या रानावर पसरलंय. मी जन्मलो तेव्हापासून हाच म्हातारा खुर्चीत. आधी रस्त्यांवरच्या गाड्या काढल्या, झाडं लावली. मग गावाभोवती पाणी हवं म्हणून आमचं रान बुडवलं.

मला म्हणतो, "बेन्यात, बिल्बाओचं कॉलेज अर्ध्यात सोडलंस म्हणे? बरं झालं, आम्हाला हात कमीच पडतायत."

सगळे हसले. जिच्यावर माझा जीव, ती गारबिन्येसुद्धा. मग ठोसा.

रक्त पुसत कारकुनाला म्हणाला, "लिही रे, या एचेझारांच्या घराची हजेरी लागली." पुन्हा हशा.

१३ ऑक्टोबर

गारबिन्येच्या दारात गेलो. ती पालिकेत तळ्याचं पाणी मोजते, पक्षी मोजते — आणि दिवसभर अनाकाबेचाच जप.

"तळं नसतं तर दर पावसाळ्यात आमची गल्ली बुडाली असती. कळतं का, टोणग्या?"

म्हटलं, मग त्याच्याशीच लग्न कर. कानाखाली बसली. गाल अजून जळतोय. तिचा हात लागलेला, धुवावासा वाटत नाही.

१९ ऑक्टोबर

झोप नाही. तिला त्या म्हाताऱ्यापलीकडे काही दिसतच नाही. ते तळंच नको.

२१ ऑक्टोबर

धो धो पाऊस. दुपारी कुऱ्हाड घेऊन बांधावर गेलो, पाणी अडवणारं लाकडी दार फोडलं. पहिल्या घावाला अनाकाबेचं तोंड डोळ्यांसमोर होतं, नंतर काहीच नाही. दार तुटलं आणि पाण्यानं मला उडवून दिलं — उधळलेल्या बैलासारखं. वाटलं होतं, नदीला जाऊन मिळेल. ते गारबिन्येच्या गल्लीकडे वळलं.

२२ ऑक्टोबर

गारबिन्ये काल पाणी मोजायला बांधाखालीच होती. अनाकाबे गळाभर पाण्यात शिरला, तिला वर ढकललं. ती वाचली, पण अजून बेशुद्ध आहे. स्वतः पुलाच्या खांबावर आपटला. डोकं फुटलं, जागीच गेला.

प्रेत काढायला बाबा सगळ्यांत पुढे. घरी येऊन म्हणाले, "हलका होता रे म्हातारा." जेवले नाहीत.

२४ ऑक्टोबर

गारबिन्ये शुद्धीवर आली. तिची आई म्हणाली, "जा आत, तुझंच नाव घेतेय." पलंगाशी वाकलो.

"कुऱ्हाड दिसली मला. तुझं तोंडही दिसलं. अंधार पडेपर्यंत पोलिसांना सांगत नाही. तूच जा त्यांच्याकडे. आपल्या पायांनी."

रस्त्यावरचे दिवे लागायला लागलेत.