तुम्ही भंगारात घातलेल्या गाडीबद्दल

सातपूर, नाशिक
रविवार, दुपार

तीर्थरूप दाजी,

रंगनाथचा वाकून नमस्कार. आधी हिशेब सांगतो, क्षेमकुशल मागाहून. एक खोटा भंगारवाला, माझ्या वर्कशॉपचा खिडकीजवळचा कोपरा, उजव्या अंगठ्याचं नख, यशोधन नावाच्या भल्या माणसाशी पडलेला अबोला, आणि ताईने तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट (संसारातली पहिलीच, असं ती म्हणते, मी तिचा भाऊ, मी मोजायला गेलो नाही). एवढा खर्च एकाच वस्तूवर झाला आहे. ती वस्तू म्हणजे तुमची मोटारसायकल. ती वितळलेली नाही. हे पत्र तिच्याच सीटवर कागद ठेवून लिहितो आहे.

आता रागवायचं तर जरूर रागवा, पण खुर्चीतून उठून रागवा. पाय कसा आहे असं विचारत नाही. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी ताईला सांगितलं, तुम्हाला सांगितलं, एक्स-रे उजेडात धरून दाखवला. तरी तुम्ही काठी मांडीवर घेऊन ओसरीत बसून आहात आणि कांद्याचा लिलाव ऐकायलासुद्धा मार्केटात जात नाही. जन्मभर बागलाणच्या डोंगरात गुरांना सुया टोचत फिरलात, कधी पडला नाहीत, आणि पडलात ते न्हाणीघरात. यातली नामुष्की मला कळते. माणूस डोंगरात पडला तर चारचौघांत सांगता तरी येतं.

पण त्याचा राग गाडीवर काढायचं कारण नव्हतं. गाडी देऊन टाकायचं तुम्ही ठरवलंत त्या दिवशी ताईचा फोन आला. ती रडत नव्हती (रडली असती तर मी इतकं मनावर घेतलं नसतं). एवढंच म्हणाली, "गाडी गेली की यांना उठायला काही कारणच राहायचं नाय." म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात जो भंगारवाला उभा राहिला तो आमचा अकबर. एरवी तो माझा माल टेम्पोतून कारखान्यांना पोचवतो. भंगाराशी त्याचा जन्मात संबंध नाही. तुम्ही त्याचा काटा खोटा ठरवलात (काटा माझा होता, सरकारी शिक्क्याचा), टाकीतल्या पेट्रोलचे वेगळे पैसे लावलेत, आणि पाने-स्क्रूड्रायव्हरची पिशवी "ती गाडीत धरलेली नाय" म्हणून काढून घेतलीत. परत आल्यावर तो मला म्हणाला, शेठ, पुढच्या वेळी खरा भंगारवाला पाठवा, मला हा धंदा झेपणार नाही. मग पाणी प्यायला आणि म्हणाला की गाडी टेम्पोत चढवताना दाजी पाठ फिरवून आत निघून गेले. हे त्याने सांगितलं नसतं तर मी गाडी झाकून ठेवली असती आणि विसरलो असतो.

आता दुरुस्तीचं. गाडी चेकोस्लोव्हाकियाची, धरणाच्या कामावरच्या साहेबाने जाताना तुम्हाला विकलेली. जिथे ती जन्मली त्या देशाचे दोन तुकडे झाले, गिअरबॉक्स मात्र अजून एकसंध आहे. मला यंत्र कळतं ते कानाने. बाहेर चहा पीत उभा असलो तरी आतल्या कुठल्या लेथचं बेअरिंग जाणार ते सांगतो. पण जुन्या गाड्यांचं शास्त्र वेगळं, म्हणून कॉलेज रोडच्या यशोधनला बोलावलं. तो इंजिनिअर आहे आणि जुन्या गाड्यांपुढे चपला काढून उभा राहतो. त्याचं म्हणणं एकच, काका, हिचं मूळ रूप जपायचं. मीही तेच म्हणत होतो, म्हणून आमचं छान जमलं. (दोन माणसं एकच वाक्य बोलू लागली की सावध व्हायला हवं, हे मला धंद्यात कळलं होतं; गाडीत विसरलो.) मूळ रूप म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली तशी, असा त्याचा अर्थ. त्याने जुने फोटो आणले. फोटोत मागे पत्र्याची पेटी नव्हती, म्हणून तुमची औषधांची पेटी उतरवली. हँडल दोन्हीकडे सारखं होतं, म्हणून आपलं डावीकडे आत वळलेलं हँडल माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांनी सुतात सरळ केलं. रंग मूळचा तांबडा शोधून काढला. तांब्याच्या नळ्या, वॉशर, सगळं जागच्या जागी. मग अंजनेरीच्या पायथ्याचा कच्चा चढ ट्रायलला घेतला. दगड, चर, सुटलेली माती, तरी दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात वर. पाय एकदाही टेकला नाही. साठीच्या माणसाने गाडी अशी वर घालावी हे आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कुणाला खरं वाटलं नाही.

त्या आनंदात ताईला फोन लावला. तुम्ही दुपारचे झोपला होतात. इंजिन चालू करून फोन जवळ धरला. बराच वेळ तिने ऐकलं आणि म्हणाली, "गाडी चांगली हाय रे, पण ती यांची नाय. यांची गाडी फाट्यावर वळली की मी चहा ठेवायची. या आवाजावर मी ठेवला नसता."

दाजी, माझ्या कानांचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. मी गाडी बंद केली आणि तिच्यासमोर बसून राहिलो. याच गाडीवर तुमच्या मागे ट्रंक मांडीवर घेऊन मी नामपूरहून सातपूरला आलो, लेथवर हेल्पर म्हणून लागायला. त्या रस्त्याने जे ऐकलं होतं ते मी एकेक करून दोष म्हणून काढून टाकलं होतं. पेटीच्या झाकणाचा कोयंडा खड्ड्याला वाजायचा, आत सुयांचा स्टीलचा डबा हलायचा. डांगसौंदाण्याची गुरं दावं तोडायची ती इंजिनाला भिऊन नव्हे, त्या डब्याला भिऊन. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पेटी सापडली, आम्ही तिच्यात नटबोल्ट भरले होते. ती रिकामी केली, सुयांचा डबा आत ठेवला आणि परत बसवली. मग हँडल. बैलाने लाथ मारल्यापासून तुमचा डावा हात पुरता सरळ होत नाही, म्हणून ते तुम्ही आत वाकवून घेतलं होतं. माझ्याकडे ड्रॉइंगशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. पोरांनी विचारलं, किती वाकवायचं. मी गाडीवर बसलो, डावा हात तुमच्यासारखा धरला आणि म्हणालो, एवढं. नख गेलं ते हे वाकवताना. यशोधन म्हणाला, काका, तुम्ही पुरावा नष्ट करताय. मी म्हणालो, तू कारखान्याचा पुरावा जपतोस, मी माणसाचा. तो हेल्मेट घेऊन गेला तो अजून बोलत नाही. तांबडा रंग तेवढा ठेवला. बघाल तेव्हा शिव्या द्या.

परवा पुन्हा फोन लावला. या वेळी ताईने फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवला. मी ॲक्सिलरेटर पिळला, अकबरने मागून पेटी हलवली. मग बंद करून ऐकत राहिलो. तिकडे गॅसचा लायटर दोनदा वाजला. आणि त्याच वेळी, दाजी, ओसरीतून दारापर्यंत पावलं आली. एक पाय जरा ओढत, पण भराभर. काठीचा आवाज त्यात नव्हता. तुम्ही विचारलंत, कोण आलं. ताईने टीव्ही आहे म्हणून सांगितलं, आणि मग बराच वेळ तुम्ही काठी शोधत होतात. ती ओसरीतच राहिली होती. आता माझ्याशी पायाचं काही बोलू नका.

ताईला नमस्कार. तिच्यावर रागावू नये.

आपला,
रंगनाथ

ता. क. : येत्या रविवारी सकाळी अकबर आणि मी गाडी टेम्पोत घालून सटाण्याच्या स्टँडवर आणतो. तुम्ही नामपूरहून पहिल्या बसने या. पान्यांची पिशवी आणा. काठी आणू नका, पेटीमुळे मागे बांधायला जागा नाही. सटाण्यापासून घरापर्यंत गाडी तुम्ही चालवायची. आम्ही टेम्पो घेऊन मागे आहोतच.

ता. क. २ : ताईला सोबत आणू नका. तिला घरी राहू द्या. सांगूही नका.

ता. क. ३ : मी स्वतःच गाडी चालवत दारापर्यंत का आणत नाही असं तुम्ही विचाराल, म्हणून लिहितो. अंजनेरीच्या चढावर गाडीवर यशोधन होता. मी मागून कारमध्ये होतो, काच खाली करून. मला मोटारसायकल चालवता येत नाही.