सुतकातली सही

प्रिय आई,

आज दुपारी ताईच्या गावाहून बाबांचा फोन आला. "पोहोचलो रे कुंडमला." एवढंच बोलले आणि फोन ताईकडे दिला. मागून तिचा पोरगा हॉर्न वाजवून राहिला होता. आपल्याच गाडीचा! मला राहवलं नाही. कारखान्यातून खोलीवर आलो अन् तुला लिहायला बसलो. आठवीत शाळा सोडलेल्याच्या चुका सांभाळून घे.

तुला यातलं काहीच माहीत नाही ना? तुझ्या अस्थी ग्वारीघाटला सोडून परत येताना एक ऑटो आडवा आला. बाबांनी गाडी वळवली, ती सरळ विजेच्या खांबाला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीचं तोंड पार आत गेलं. सदर बाजारातल्या गॅरेजवाल्या भैयानं तेव्हाच सांगितलं, "बाबूजी, बीमा कंपनी को आज ही फोन लगा दो."

बाबा म्हणाले, "अभी सूतक है भैया. तेरहवीं के बाद."

हे शास्त्र कोणाचं? तुझंच! आजी गेली तेव्हा रजिस्टर पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला तू दारातूनच परत पाठवलं होतं. सुतकात सही नाही, कागदाला हात नाही. मग तुझ्याच सुतकात बाबा तुझा शब्द मोडतील? मीही शेजारीच उभा होतो. मीही गप्प बसलो, याची रुखरुख आहे.

चौदाव्या दिवशी कळवलं. कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. मग पत्र आलं. अपघात उशिरा कळवला, म्हणून दावा नामंजूर.

बाबांनी ते पत्र घडी करून तुझ्या फोटोमागे ठेवलं. "जाऊ दे." गुडघ्यांमुळे त्यांना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, तुला तर ठाऊक आहे. दर रविवारचं ताईकडे जाणं बंद झालं. कधीही फोन करा, एकच उत्तर, "जेवलो. बसलोय." किती दिवस नुसतं बसणार गं माणूस?

मी इथून, कोइंबतूरहून, कंपनीला फोन लावून शिव्या घातल्या. त्यांनी फोन कापला. मग चेरीतालच्या आपल्या गल्लीतले भागवतकाका आठवले. ग्राहक कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेले.

"काहून ओरडून राहिला?" काका म्हणाले. "ओरडण्याला जावक नंबर नसतो. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी दे. महिनाभर थांब. नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील नाही. तिथेही नाही जमलं तर ग्राहक आयोग आहेच. अन् उशीर का झाला ते खरं खरं लिही, शहाणपणा नको."

महिनाभर थांब! मला सांगतात! तूच म्हणायची ना, या पोराच्या बुडाखाली काटे आहेत म्हणून? एका वर्षात तीन कारखाने सोडले मी.

पण थांबलो, आई. अर्ज हिंदीत, माझ्याच हातानं लिहिला. चार संध्याकाळी लागल्या. तुझं सुतक लिहिलं, आजीच्या वेळचा पोस्टमनही लिहिला. गॅरेजवाल्या भैयाकडून चिठ्ठी मागवली, की गाडी आली तशीच उभी होती, एक नटही कोणी फिरवला नाही. कंपनीनं पुन्हा नाहीच म्हटलं. तेच सगळे कागद लोकपालाकडे पाठवले.

सुनावणी मोबाईलवर झाली. मी इथून, बाबा घरून, इस्त्रीचा शर्ट घालून. लोकपाल साहेबांनी विचारलं, "इतने दिनों में एक फोन नहीं कर सकते थे?"

बाबा म्हणाले, "कर सकता था साहब. लेकिन वो नाराज़ हो जाती."

"कौन?"

"जिसका सूतक था."

साहेबांनी आपला अर्ज पुन्हा चाळला. मग कंपनीकडून हजर असलेल्या बाईंना म्हणाले, "गाडी तो वैसी की वैसी मिली. देरी से आपका क्या बिगड़ा, मैडम?" बाईंनी दोनदा कागद उलटले.

निकाल आपल्या बाजूनं लागला. भैयानं गाडी नवी केल्यासारखी करून दिली. बाबांनी आधी ते नामंजुरीचं पत्र तुझ्या फोटोमागून काढलं, मग किल्ली तुझ्यापुढे ठेवून हात जोडले.

रागावू नको, पण बाबांना एक गोष्ट मी शिकवली आहे. फोन करायला सही लागत नाही. सुतकातही चालतो!

ताई म्हणते, तुझी डावीकडची सीट बाबांनी येतानाही रिकामीच ठेवली. तिथे बसून तू प्रत्येक वळणावर "अहो, हळू!" म्हणायची, अन् ते चिडायचे. आता चिडायला कोणी नाही.

वर्षश्राद्धाला मी येतो, आई. सुट्टी लिहून घेतली आहे. घाटावर बाबांसोबत याच गाडीतून जाईन, तुझ्या सीटवर बसून. अन् तो खांब आला, की तुझ्याच आवाजात ओरडेन, "हळू!" वचन देतो.

तुझा, अजून त्याच कारखान्यात टिकलेला,
बंटी