भुतांच्या फेरीचं शेपूट

१ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७.
चहाची गाळणी आपल्या स्थानी नाही. पंधरवड्यात हा प्रमाद तिसऱ्यांदा घडला. घरात मी एकटाच असल्यामुळे संशयितही एकच, आणि त्याच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. चहा न गाळता प्यायलो. दातांना काम मिळालं.
ही लेकीच्या बाळंतपणाला गेली ती दीड महिन्याच्या बोलीवर. बाळ आता बसायला लागलं आहे. माझी तक्रार नाही. उलट एकांत मानवतो. एकांतात वाचन होतं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार.
वाचन झालं नाही. आमच्याच पेपरात आतल्या पानावर जाहिरात दिसली: जुन्या वस्तीतली भुतांची फेरी, दर शनिवारी संध्याकाळी सहा, घड्याळाच्या मनोऱ्यापासून. पत्रकाराचा धर्म जागा झाला. लोकांच्या भाबडेपणावर एक खरमरीत लेख लिहीन. एकदाच जाणार. निव्वळ कामासाठी.

३ ऑक्टोबर, शनिवार.
फेरी नेणाऱ्या बाई हातात कंदील घेऊन पुढे चालतात. मनातल्या मनात त्यांचं नाव कंदीलबाई ठेवलं. नियम असा, की बोळात कुणी मागे राहू नये म्हणून सगळ्यांनी जोडीजोडीनं चालायचं. पाच जोड्या झाल्या, मी उरलो. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही शेपूट व्हा. शेपूट म्हणजे सर्वांच्या मागून चालणारा आणि प्रत्येक थांब्यावर डोकी मोजणारा जबाबदार माणूस. एवढ्या लोकांतून नेमकं मलाच हेरलं. अनुभव चेहऱ्यावर दिसतो. 'काका'ऐवजी 'साहेब' चाललं असतं.
भुतं चार. घड्याळ दुरुस्त करणारा, जकातीचा कारकून, एक शिंपी, एक मास्तर. एकालाही बायको नाही. निरीक्षण लेखासाठी टिपून ठेवलं.

४ ऑक्टोबर, रविवार.
लेख सुरू. शीर्षक झालं. खोडलं.
हिचा फोन. फेरीचं सांगायला घेतलं, तेवढ्यात बाळ रडलं. घरी कसं चाललंय म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, झकास.
पुरावा अपुरा वाटतो. शनिवारी पुन्हा जावं लागणार. नाइलाज आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार.
पुन्हा शेपूट. पद कायम झालंसं दिसतं. एका गृहस्थानं विचारलं, तुम्ही यांच्याकडे नोकरीला का? सांगितलं, मी पत्रकार, अभ्यास चालू आहे. भुतांचा? म्हणाला. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. मला कुणी ढोसून किती महिने झाले, याचा उगाच हिशेब मनात आला.
कंदीलबाई 'पिशाच्च' आणि 'वेताळ' एकाच पिशवीत घालतात. दोघांतला भेद सर्वांसमक्ष, सप्रमाण समजावून दिला. सात मिनिटं लागली. त्या म्हणाल्या, काका, आता भूत तुम्ही सांगता की मी सांगू? लोक हसले. मीही हसलो, उशिरा.
घरी येऊन सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. भीतीचा प्रश्न नाही. घर वापरात दिसलेलं बरं.

१४ ऑक्टोबर, बुधवार.
ऑफिसातला मुद्रितशोधक विचारतो, शनिवारी हल्ली असतोस कुठे? म्हटलं, भुतांबरोबर. तो म्हणाला, वहिनींना लवकर बोलावून घे रे बाबा, तू बिघडत चाललास. त्याला विनोदाची जाण नाही. दुपारभर त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार.
लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.
दर वेळी बाई निघताना जोड्या सांगतात. आज माणसं सांगितली: तेरा. विहिरीच्या थांब्यावर मी मोजलं. बारा. पुन्हा मोजलं, बोट दाखवून, बारा. शेपटाच्या अधिकारानं जाहीर केलं, की एक माणूस गायब आहे. एकच गलका झाला. दोन नवरे मागच्या बोळात पळाले. बेकरीवाला बॅटरी घेऊन बाहेर आला आणि विहिरीत डोकावला. मी सूचना देत होतो. गायब माणसाचं वर्णन विचारलं तेव्हा मी म्हटलं, शांत स्वभावाचा असावा, कारण कुणाच्या लक्षात राहिला नाही.
वीस मिनिटांनी कंदीलबाईंनी कंदील माझ्या तोंडापुढे धरला. म्हणाल्या, काका, तेरावे तुम्ही.
दहा जण नदी ओलांडतात, जो तो स्वतःला सोडून मोजतो आणि मग सगळे दहाव्यासाठी रडत बसतात, ही गोष्ट मी शाळेत संस्कृतच्या तासाला शिकलो. तात्पर्याला पैकीच्या पैकी गुण होते.
कुणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. बाई मनोऱ्यापर्यंत माझ्याबरोबर मागून चालल्या. म्हणाल्या, पुढच्या वेळी काकूंना आणा, म्हणजे जोडी होईल. म्हटलं, येणारच आहे ती, याच आठवड्यात.
असं काही ठरलेलं नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार.
सकाळी हिला फोन करून सगळं सांगितलं. खूप हसली. म्हणाली, स्वतःलाच विसरलात होय? मग म्हणाली, अहो, लेक म्हणतेय इथंच राहा वर्षभर, ती कामावर जायला लागेल, बाळाला कोण बघणार. काय सांगू तिला?
'ये' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. मी म्हटलं, राहा की खुशाल, माझं इथं उत्तम चाललंय, शनिवारसुद्धा मोकळा नसतो.  मग औषधं वेळेवर घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.
लेख होणार नाही. लेख कधी नव्हताच.
मला काळजी एकच आहे. माझं उत्तम चाललंय, हे तिला खरं वाटलं असेल.