तिकडचं 'हो'

५ मार्च

विजूचा एक काका आहे, आणि तो तिचा काका नाही.

दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. पाण्याच्या टाकीच्या पलीकडून आवाज – आमची लेक, विजयश्रीबाई, फोनवर. सगळं त्या परक्या भाषेत, पण मधून मधून 'काका'. एकदा तर लाडात येऊन 'काको'. आणि नुसतं खिदळणं. तिचा सख्खा काका उदगीरला. हिंदुरावभाऊजी. वाटणी झाल्यापासून बोलणं बंद, आणि त्यांच्याशी बोलून आजवर कुणाला हसू आलेलं नाही. मग हा कोण? केवढा असेल वयानं?

मला बघितल्याबरोबर फोन ठेवला. "क्लासमधली मैत्रीण गं." मैत्रिणीला काका म्हणतात होय!

६ मार्च

मुळात मला हे शिक्षणच पटलेलं नाही. मोशीत आमच्या गल्लीतली पोरं जर्मन शिकतात, नाहीतर जपानी. चाकणच्या कंपन्यांत लगेच घेतात. आमची बयो मात्र रोज नाशिक फाट्याहून मेट्रो धरून पुण्याला जाते ती स्लाव, बाल्टिक आणि अल्बेनियन भाषा शिकायला. अल्बेनिया कुठं आहे ते मी मोबाईलवर शोधलं. सापडलं, पण समाधान झालं नाही.

ह्यांना म्हटलं, तर सेकंड शिफ्टचा डबा पिशवीत घालत म्हणतात, "शिकू दे की. भाषाच आहे, दारू नव्हे."

काकाचं काही सांगितलं नाही. उगाच ह्यांचं बीपी वाढायचं.

९ मार्च

जेवताना एकदम गोड गोड. मला लिथुआनियन म्हण शिकवली. "दिएवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस." देवानं दात दिले, तर भाकरीही देईल. "बघ ना आई, देव, दात, देणं – सगळं आपल्यासारखंच!"

म्हटलं, आपल्याकडे दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात.

हसली. माझं ताटसुद्धा घासून ठेवलं. आता काहीतरी मागणार हे मी ओळखलं. पण काहीच मागितलं नाही. म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय.

१४ मार्च

सरळ विचारलं. "कुणी आहे का मनात?"

तिनं मान खाली-वर हलवली. मी ब्लाउज बेतत होते, कात्री तिथंच थांबली. आणि वर तोंडानं म्हणते, "नाही गं!"

मग मान कशाला हलवलीस? तर म्हणे बल्गेरियात 'नाही'ला अशी हलवतात, आणि 'हो'ला आडवी. वर्गात मॅडम तसंच करून घेतात, सवय लागली.

ज्यांच्या मानेचा भरवसा नाही त्यांच्या जिभेचा काय धरायचा?

१५ मार्च

खालच्या मजल्यावरच्या नूरबीला सांगितलं. ब्लाउजांना हुक लावता लावता म्हणाली, "भाभी, पोरगी हसती ना? मग कशाला डरता. रडायला लागली तर बघू."

तिची अल्फिया अजून सातवीत आहे. म्हणून सुचतंय.

२२ मार्च

सापडला काका!

विजू अंघोळीला गेलेली, फोन वाजला. व्हिडिओ कॉल. उचललाच मी. समोर एक गोरी बाई, जाड स्वेटर घातलेली, मांडीवर मांजर. मला बघून हसली आणि म्हणाली, "आई?"

विजू ओल्या केसांनी धावत आली. मग उलगडा. बल्गेरियात 'काका' म्हणजे थोरली बहीण, आपल्या 'ताई'सारखं. हाक मारताना 'काको'. आणि 'बाबा' म्हणजे आजी. हे पोट धरून हसले. "म्हणजे मी आजी होय!" मलाही हसू आवरेना. केवढं ओझं उतरलं.

मग विजू म्हणाली, "आई, सप्टेंबरपासून मी हिच्याचकडे राहणार आहे. बल्गेरियात, सोफिया शहरात. एक वर्ष. स्कॉलरशिप मिळाली."

कधी मिळाली? तर म्हणे फेब्रुवारीत.

माझा संशय खोटा नव्हता. फक्त भलत्यावर घेत होते.

२३ मार्च

बोलले नाही तिच्याशी.

२ एप्रिल

हे तयार आहेत. एवढी शिकली ती घरात बसवायला का, म्हणतात. तेही खरंच आहे. पण मला भीती वाटते. ती परत येणार नाही. आम्ही तरी उदगीरहून काय सांगून निघालो होतो? दोन वर्षं कंपनीत काढू आणि माघारी येऊ. सासूबाई वाट बघत गेल्या.

१९ ऑगस्ट

परतीचं तिकीट काढलेलं नाही. "तारीख नक्की नाही गं." तारीख नक्की नाही की आणखी काही, देव जाणे.

११ सप्टेंबर

चादरी, टेबललॅम्प, निम्मे कपडे – सगळं अल्फियाला देऊन टाकलं. वर्षभरासाठी जाणारी माणसं कपाट रिकामं करतात का? विचारलं तर म्हणाली, "तिला उपयोगी पडेल."

संध्याकाळी नूरबीकडे जाऊन विजूचा हिरवा पंजाबी ड्रेस परत मागून आणला. लाज वाटली. नूरबीनं घडी घालून हातात दिला. कपाटात टांगून ठेवलाय.

२७ सप्टेंबर

मुंबईचा विमानतळ. आम्हाला काचेबाहेरच थांबवलं. आत गेल्यावर तिनं वळून पाहिलं. मी हातानं खूण केली – परत येशील ना? ती हसली, मान आडवी हलवली आणि गेली.

ह्यांचा चेहराच उतरला. "नाही म्हणाली?"

मी म्हटलं, अहो, तिकडं ते 'हो' असतं.

पण ती अजून इकडंच होती.