खांबापाशी अनवाणी

सोमवार, ३ जून
आले एकदाची! दवाखाना दोनच खोल्यांचा, पण खिडक्या मोठ्या आणि त्यातली एक खोली चक्क माझी. झाडलोट करणाऱ्या मावशींनी माझी गादी उन्हात टाकली आणि तेवढ्यात माझं शिक्षण, वय, लग्न का नाही, सगळं काढून घेतलं. नर्स असून एवढी हडकुळी कशी, हेही विचारलं. मला त्या फार आवडल्या. त्यांची नात मुंगी सात वर्षांची आहे, दिसते चारची. हातपाय काड्या, पोट नगारा, आणि काल शिकलेलं अक्षर आज आठवत नाही. जंत, दुसरं काय! इथल्या बहुतेक पोरांची हीच गत. गोळ्यांची खोकी आलेली आहेत. मी मावशींना शब्द दिला, वर्षाच्या आत पोरगी दोन बोटं उंच करून दाखवते.

बुधवार, ५ जून
गोळ्या वाटल्या. निम्म्या कार्ट्यांनी गालात दडवल्या, मग एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. नंतर उंची. खोलीत खोक्यांमुळे जागा नाही, म्हणून मोजायचा खांब मागच्या अंगणात रोवलाय, भिंतीच्या सावलीत. तिथली माती कायम ओली. संडासाचं दार मोडलंय, त्यामुळे पोरं तिथेच आडोशाला बसतात. दाराचा अर्ज आजच लिहिला. मोजताना मात्र नियम म्हणजे नियम: चपला काढा, टाचा टेकवा, हलू नका. मुंगी एकशे दोन सेंटिमीटर भरली. माती गुदगुल्या करते म्हणाली.

शुक्रवार, २१ जून
मुंगी एकशे एक. तीनदा मोजली. मग खोलीत जमिनीवर झोपवून दुसऱ्या पट्टीने मोजली. एकशे एकच. तालुक्याच्या साहेबांना फोन केला, तर म्हणाले, उंची कधी कमी होत नसते बाई, आणि मागच्यापेक्षा लहान आकडा फॉर्म घेतच नाही, तेव्हा जुनाच लिहून टाका. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! दाराचं विचारलं, तर अर्ज चुकीच्या टेबलावर गेलाय म्हणे. इतका संताप आला की जेवणही गेलं नाही. आता मुंगीला मी रोज मोजणार, डोळ्यांत तेल घालून.

सोमवार, १ जुलै
अठ्ठ्याण्णव. फ्रॉक पायात येतो तिच्या. मावशी खालची शिवण दुमडून टाके घालत बसतात. मी गोळी दिली, दूध दिलं, अंडी दिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझं कुठे चुकतंय?

मंगळवार, ९ जुलै
सापडलं. उंचीची वही पुन्हा वाचली, सगळ्या पोरांना खोलीत झोपवून मोजलं. ज्यांना खांबापाशी एकदाच मोजलं होतं, ती पोरं अर्ध्या सेंटिमीटरने खुजी झाली. ज्यांना चारदा, ती दोनाने. गोळीच्या भीतीने पळून गेलेली दोन उनाड पोरं तेवढी शाळेतल्या जुन्या नोंदीपेक्षा वाढली. आणि मुंगीला रोज —
ओल्या घाणेरड्या मातीतून जंतांची पिल्लं तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. परीक्षेत मी हे पाठ लिहिलं होतं. आणि चपला मीच काढायला लावल्या. कुंपणानेच शेत खाल्लं.
पण मोजल्यावर लगेच उंची घटते? असे कुठले जंत?
खांब उपटायला गेले. हलेना. फावडं मारलं. खाली पांढरे दोरे, खांबाला गुंडाळलेले, बोटाएवढे जाड. माझ्याकडे वळले. सगळे एकदम.

बुधवार, १० जुलै
साहेबांना सगळं सांगितलं. रजा घ्या म्हणाले. पण उद्या वरून पाहणीला येणार आहेत, ती झाल्यावर. खांब जागेवर हवा, पोरं रांगेत हवीत. ज्या पोरांना नाहीत त्यांच्यासाठी वीस जोड चपला मागितल्या. त्याचा वेगळा अर्ज म्हणे! फोन आपटला. रडले.
मुंगीला खोलीतच झोपवून मोजलं, ब्याण्णव. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहत राहिली. मी कोण, तेच तिला —

गुरुवार, ११ जुलै
सकाळी मागच्या अंगणात मावशी. मुंगीला खांबाला टेकवून, खांदे धरून उभ्या. कधीपासून, विचारलं. रोजच पहाटे, म्हणाल्या, तुम्ही उठायच्या आधी. बाई रोज मोजतात म्हणजे मोजल्यानेच पोर वाढत असणार, मग जास्त वेळ उभी केली तर जास्त वाढेल.
रागवू कुणावर?
मुंगी घोट्यापर्यंत मातीत. ओढली. निघेना. तशीच अनवाणी धावले होते मी, तशीच ओढत राहिले. निघाली. खोलीत आणली, कडी लावली. मांडीवर आहे. तान्ह्या बाळाएवढी. श्वास चालू आहे. पट्टी लावायची हिंमत —
माझे पाय जड. टेबल मघापेक्षा उंच वाटतंय.

बाहेर आवाज. खिडकीतून दिसतंय — आया. सगळ्या. मावशींनी मायेपोटी घरोघर सांगितलंय, खांबाने पोर वाढतं. रांग पार रस्त्यापर्यंत. मी ओरडतेय, चपला घाला, मागे फिरा, त्यांना वाटतं बाई रांग नीट करायला सांगताहेत. हसून माना डोलावतात. पहिली आई खाली वाकली, लेकराच्या पायातली —